विहीर क्रमांक १८७ ची दुरुस्ती

पाणी बेभरवशाचे असते. त्याचा अंदाज मात्र वरून मंजूर होऊन आलेला असतो. म्हणून शहाण्याने दोहोंपैकी अंदाजावर विसंबावे, हे जयपूरच्या जल-पूर्वानुमान कक्षात सात वर्षे काढल्यावर मनोहरराव वाळिंबे यांना पुरते पटले होते.

कक्षाचे 'जलदर्शी' हे मोबाईलवरचे साधन बगरूच्या आसपासच्या २१२ विहिरींच्या मालकांना रोज सकाळी सांगते, की तुमची विहीर अमुक तारखेला आटेल. त्यासाठी उपग्रह, मातीची ओल, तीस वर्षांचा पाऊस असे ४३ रकाने भरले जातात. (विहिरीत डोकावण्याचा रकाना नाही. डोकावणे कोणालाही जमते.) यंदा २११ विहिरी सांगितल्या तारखेला आटल्या. तारीख कळताच, शेजाऱ्याने उपसायच्या आत आपण उपसावे म्हणून जो तो पंप लावून बसला, असे कक्षातल्या एका कनिष्ठ कर्मचाऱ्याचे निरीक्षण होते. तो आता आवक-जावक विभागात आहे.

राहिली १८७. ही भँवरलालजी चौधरींची विहीर नऊ फेब्रुवारीला आटायची होती. दहा तारखेला मनोहरराव जीप घेऊन पोहोचले, तेव्हा भँवरलालजींनी गाठी मारलेल्या दोराला दगड बांधून तो आत सोडला आणि ओला दोर त्यांच्या हातात दिला.

"मोबाइल में सूख गई होगी, साहब. यहाँ तो बाईस हाथ पानी है."

चौकशीअंती कळले, की पावसाळ्यात शाळेच्या छपरावरचे पाणी त्यांनी पन्हळीने विहिरीत सोडले होते. छपराला रकाना नव्हता. तो वाढवायला अकरा महिने लागणार होते, आणि समारंभ शुक्रवारी होता. शंभर टक्के अचूकतेचे प्रमाणपत्र मिळाले, तर मनोहररावांची साताऱ्याला बदली होणार होती. पत्नी रमाबाईंनी काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती.

संचालकांचे पत्र त्याच दिवशी आले: 'अंदाज बदलता येत नसल्याने वस्तुस्थिती अंदाजाशी सुसंगत करण्यात यावी.'

जगतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये जेवताना मनोहररावांनी हे घरी सांगितले. जयपुरातच वाढलेली भार्गवी म्हणाली, "बाबा, मतलब, विहिरीत पाणी आहे हे चांगलंच आहे ना?"

"चांगलं आहे गं. मंजूर नाहीये."

दुसऱ्या दिवशी दोन पंप लागले. भँवरलालजींची हरकत विचारात घेतली गेली. पण नऊ तारखेपासून विहीर कागदोपत्री कोरडी असल्याने त्यांच्या पंपाची वीजजोडणी नियमानुसार तोडलेली होती, आणि जे पाणी नाहीच त्यावर मालकी कोणाची, हा प्रश्न उद्भवत नव्हता. तीन दिवस पाणी रस्त्यावर वाहिले. (वाया गेले असे म्हणू नये. त्याची नोंद 'समायोजन' अशी आहे.) आसपासच्या म्हशी खूश होत्या.

भँवरलालजी खाटेवर बसून पाहत होते. ते चिडले नाहीत, यानेच मनोहररावांना अवघडल्यासारखे झाले.

"गेहूँ को दो पानी और देने थे," म्हातारा एवढेच म्हणाला. "वो अब कौन देगा, साहब?"

मनोहररावांना वाईट वाटले. खरोखरच वाटले, त्या दिवशी घास उतरेना. त्यांनी 'जलदर्शी'त गव्हाची स्थिती पाहिली. उपग्रहाचे चित्र तीन आठवड्यांपूर्वीचे होते, त्यामुळे शेरा आला: 'उत्तम'. मग जेवण गेले.

तेरा तारखेला दोर कोरडा वर आला. पाच दिवसांची तफावत नियमात बसते. शुक्रवारी २१२ पैकी २१२ जाहीर झाल्या, भँवरलालजींना 'सहकार्यशील विहीरधारक' म्हणून शाल मिळाली, आणि मनोहररावांच्या हाती बदलीचा हुकूम पडला.

निघण्यापूर्वी त्यांनी ही सगळी हकीकत इमानदारीने लिहून काढली आणि सवयीने 'जलदर्शी'लाच विचारले, की ही वाचून लोक काय करतील. उत्तर तत्काळ आले. वाचणारे: बरेच. हसणारे: त्याहून थोडे कमी, मुख्यतः म्हशींपाशी. शाल वाचून हळहळणारे: मोजके. शेवटपर्यंत येऊन, त्या गव्हाचे पुढे काय झाले, असे विचारणारे: शून्य.

मनोहरराव साताऱ्याला रुजू झाले आहेत. अंदाज अजून चुकलेला नाही, आणि तुमचेही वाचन आता संपतच आले आहे.