मोरगाव शेजारी नाही

कॉम्प्युटरला अक्कल मी शिकवणार, असं मी ऑफिसात छातीवर हात मारून सांगितलं होतं!

साल सत्त्याण्णव. बारामतीतल्या आमच्या संस्थेत नकाशाचं सॉफ्टवेअर आलं. एखाद्या गावात शेळ्यांना रोग लागला की ते शेजारच्या गावांची यादी काढणार आणि लशीची जीप आधी तिकडं जाणार. साहेब म्हणाले, "एवढं जमव, तुला कायम करतो." चार वर्षं मी हंगामी होतो!

सॉफ्टवेअरनं विचारलं, हद्दीला हद्द लागते ती गावं शेजारी धरू का? मी म्हटलं, छे! यंत्राला शेजार काय कळणार? मी माणसांनाच विचारायचं ठरवलं. सुरुवात माझ्या गावापासून, सुप्यापासून.

"कुंडलिकतात्या, आपले शेजारी कोण?"

"कळस!"

"अहो, ते पार तिकडं इंदापुरात!"

"आसू दे की! तीन लेकी दिल्यात तितं."

"आणि हद्दीला लागलेलं मोरगाव?"

"नाव काढू नगंस! लग्नात वऱ्हाडाला जिलबी पुरली न्हाय त्यांची!"

ते लग्न माझंच होतं. मलाही जिलबी मिळाली नव्हती. यादीत कळस लिहिलं आणि मोरगाव मी मोठ्या समाधानानं खोडलं.

महिन्याभरात सुप्यात शेळ्या आजारी पडल्या. मी ऐटीत बटण दाबलं. यादीत एकच गाव! जीप धुरळा उडवत कळसला गेली. तिथल्या ठणठणीत शेळ्यांना टोचून सगळी लस संपली, आणि तोवर रोग मोरगावात पोचला.

"कायम व्हायचं विसर!" साहेब ओरडले. "नवी लस येईपर्यंत तोंड दाखवू नकोस!"

मला भर ऑफिसात रडू आलं. तसाच घरी गेलो, तर दारात चाळीस शेळ्या! मधोमध काठी टेकून मोरगावचे बिरदेवआबा, माझे सासरे.

"जावईबापू, लस आमच्याकडं येत न्हाय, म्हनून आमीच आलो. दोन करडं गेली. ह्या तरी वाचवा."

मला त्यांच्याकडं बघवेना. "आबा, चुकलो. मोरगाव मीच खोडलं."

"ठाव हाय. लेकीनं सांगितलं." आबांनी कोपरीतून पुडी काढून ओट्यावर ठेवली. "पाव किलो जिलबी हाय. आता तरी शेजारी म्हना!"

मी डोळे पुसले, नाक पुसलं आणि पुडीकडं हात नेला. हाती नुसता कागद आला. जिलबी सगळ्यांत पुढच्या शेळीनं खाल्ली होती!