नवव्या मजल्यावरचं दही

आमच्या इमारतीतून बाहेर पडणाऱ्या कुणालाही सुशीलाआक्कांच्या हातचं दही चाटल्याशिवाय लिफ्टमध्ये पाऊल टाकता येत नसे. मी फुगवून सांगत नाहीये. सदाशिव पेठेत वाढलेली बाई आहे मी. आमच्याकडे बोलणंही मोजून आणि दहीही मोजून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ह्यांना सिंगापूरला नोकरी लागली, एम्प्लॉयमेंट पास हातात पडला आणि आम्ही तोआ पायोहमधल्या एका जुन्या इमारतीत आठव्या मजल्यावर राहायला गेलो. तिथल्या लिफ्टची एक गंमत होती. ती प्रत्येक मजल्यावर थांबायचीच नाही. आमच्या बाजूला थांबायची ती थेट नवव्यावर. म्हणजे आम्ही आठव्यावाल्यांनी एक जिना चढायचा, दहाव्यावाल्यांनी एक जिना उतरायचा, आणि सगळ्यांनी नवव्यावर गोळा व्हायचं. आणि लिफ्टच्या अगदी समोरचं दार सुशीलाआक्कांचं! टोलनाका चुकेल, पण आक्का चुकायच्या नाहीत.

ते दार दिवसभर सताड उघडं असे. त्या दाराला मी एकदाच कुलूप पाहिलं. ते का, ते सांगणारच आहे, पण आधी दही.

परगावी निघालेल्याच्या हातावर दही ठेवावं, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो, ही आपल्याकडची रीत. कबूल. पण परगावी निघालेल्याच्या! कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेल्याच्या नव्हे. मी पहिल्याच आठवड्यात हा मुद्दा आक्कांपुढे मांडला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बिचारीला शिकवलेलं दिसत नाही काही.

"गाव काय आन् कोपरा काय," त्या म्हणाल्या, "उंबरा ओलांडला की माणूस परगावीच. हात करा फुडं."

आक्का कागलकडच्या. आम्हा पुणेकरांच्या लेखी सातारा ओलांडला की दक्षिण दिशा सुरू होते, त्यामुळे मी त्यांना अस्सल दाक्षिणात्य म्हणत असे. त्याही मला नावानं हाक मारत नसत, 'पुणेकरीन' म्हणत. अंगावर इरकल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की नवव्यावरून भाजीवाल्याशी घासाघीस करायला खाली उतरायची गरज नाही. त्यांच्याकडच्या बायकांच्या रीतीप्रमाणे स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी जातो' असंच म्हणत. आमच्या लेकीला, मुग्धाला, त्याचं फार हसू यायचं. "आँटी व्हेरी फनी, लाह!" म्हणायची, तिथल्या इंग्रजीचं 'लाह' शेपूट लावून. आक्का तिला म्हणायच्या, "फनी तर फनी, पर हात धुतलाईस का?"

दह्याच्या ह्या वाटमारीत जातधर्मदेश काही आडवं येत नसे. पोस्टमन, विजेचं मीटर बघायला येणारा मनुष्य, सगळ्यांच्या हातावर कवडीदार दही. पण खरं बघावं ते लिम अंकलना. हे दहाव्या मजल्यावरचे चिनी आजोबा. रोज सकाळी गाणाऱ्या पक्ष्याचा पिंजरा घेऊन खाली आपल्या मित्रांत जाऊन बसायचे. त्यांना जन्मात आंबट दूध माहीत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी जे तोंड केलं, ते बघून पक्षीसुद्धा गायचा थांबला.

"अंकल! हॅन्ड!" आक्का दारातून ओरडायच्या.

"ओके लाह, ओके लाह," म्हणत अंकल हात पुढे करायचे, डोळे मिटून गिळायचे आणि खिशातून कागदी रुमाल काढून पुसायचे. तो रुमाल ते खास त्यासाठी बाळगत. एकदा आक्कांनी पक्ष्याच्याही चोचीला बोट लावलं. मी म्हटलं, "अहो आक्का, तो पिंजऱ्यात आहे. तो कुठं हरवतोय?"

"मुकं हाय म्हणून काय झालं? जातंय न्हवं बाहीर?"

मी अंकलसाठी लिफ्टचं बटण दाबलं.

बंड मीही करून पाहिलं. मरीन परेडला एका शिकवणी वर्गात गणिताच्या बाईंची जागा होती. मुलाखतीला कडक इस्त्रीची साडी नेसून निघाले आणि मनात म्हटलं, आज हाताला दह्याचा वास नको. गुपचूप आठव्यावरूनच जिन्यानं खाली उतरले. तळाशी पोचते तोच चपलेचा अंगठा तुटला. मग चुकीची बस. मग योग्य रस्त्यावरची चुकीची इमारत. मी पोचले तेव्हा मुलाखत घेणारे जेवायला गेले होते आणि दुसऱ्याच बाईंना होकार देऊन गेले होते.

तुटकी चप्पल हातात घेऊन परत आले, तर आक्का लिफ्टसमोर चहाचा कप धरून उभ्या.

"जिन्यानं गेलासा न्हवं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"जिन्यात चप्पल वाजती की. चोर बी अनवाणी जातंय, माझे बाई."

पुढच्या मुलाखतीला मी निमूट हात पुढे केला आणि नोकरी मिळाली. हे म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी त्यांना घाईनं माणूस हवाच होता. असेल. पण त्या दिवसापासून मी एकदाही दही चुकवलं नाही. श्रद्धा वगैरे काही नाही हो, उगाच रिस्क कशाला घ्या!

आणखी एकदा ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं. पर्स उचलली, एक जिना चढून नवव्यावर आले. आक्का वाटी घेऊन हजर.

"आक्का, आज दही नको. मला परत यायचंच नाहीये."

"बरं," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "मग दही ऱ्हाऊ द्या. भाकरी खावा."

आत बसवून गरम भाकरी, वांग्याची भाजी आणि खर्डा पुढे ठेवला. खर्ड्यानं डोळ्यांतून पाणी आलं, त्यात भांडणाचंही थोडं वाहून गेलं. आक्का तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "नवऱ्याशी जरूर भांडावं. पर भरल्या पोटानं. उपाशीपोटी माणूस नको तेवढं खरं बोलतंय."

हात धुऊन मी उठले तर म्हणाल्या, "आता कुठं?"

"घरी."

"मग हात करा." आणि आठव्या मजल्यावर जायला माझ्या हातावर दही ठेवलं.

एवढं सगळं असून आक्कांच्या घरात माणूस एकच. त्यांचे 'मालक' बोटीवर चीफ इंजिनिअर. सात-आठ महिने समुद्रावर, मग थोडे दिवस घरी, की पुन्हा समुद्र. मुलगी लग्न होऊन इचलकरंजीला. दह्याचं एवढं वेड कशामुळे, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्या विरजण लावत होत्या. दुधात बोट बुडवून ऊन किती ते बघत म्हणाल्या, "लग्नानंतर मालक पयल्यांदा बोटीवर गेलं, तवा रातचं विरजण लागलंच न्हाई. हातावर काय ठेवू? तसंच गेलं. बोट कुठल्या मुलखात बिघडून पडली, आन् वरीसभर त्यांचं तोंड दिसलं न्हाई मला." मग पातेल्यावर झाकण ठेवून म्हणाल्या, "तवापासनं आपल्या घरात दही न्हाई असं झालं न्हाई."

आणि एका सकाळी ते दार बंद दिसलं.

मी मुग्धाला शाळेच्या बसपाशी सोडायला जिना चढून नवव्यावर येत होते. वर लिम अंकल पिंजरा घेऊन लिफ्टची वाट बघत उभे, आणि त्यांच्या मागे आक्कांचं दार बंद. जाळीला कुलूप. अंकल हात पुढे करायच्या सवयीनं उजवा हात मोकळा ठेवून उभे होते. इतक्यात माझ्याच पाठीमागे, खालच्या जिन्यात काहीतरी हललं. वाकून बघते तर आक्का! अनवाणी. एका हातात चपला, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. आम्ही वर जाईपर्यंत आठव्यावर आडोशाला थांबून आता चोरपावलांनी खाली उतरत होत्या.

मी मुग्धाला तिथंच उभं करून खाली धावले. "आक्का! कुठं निघालात?"

"भाजीला."

"भाजीला अनवाणी? आणि पिशवीत टॉवेल कशाला?"

आक्का पायरीवर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोटात गाठ हाय. आज कापून काढणार हैत. काढल्यावर कळंल, साधी का कसली ते."

माझं डोकंच फिरलं. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? जिन्यात? मालकांना माहीत आहे?"

"समिंदरात माणूस काय करणार? नुसता झुरणार. आन् पोरीचं दिवस भरत आल्यात, तिला कशाला घाबरवायचं?"

"अहो, मग आम्ही काय मेलो होतो का?"

"तसं न्हवं, पुणेकरीन." त्या चपलांचे अंगठे चाचपत राहिल्या. "लिफ्टपाशी आलो असतो तर सगळी म्हणाली असती, आक्का, आज तुमचा हात करा. आन् कुणी म्हणालं नसतं तर? दोन्ही बी सोसलं नसतं मला. आपल्या हातानं आपल्याच हातावर दही ठेवायचं नसतंय. इतकी वर्सं सगळ्यांला वाटं लावतोय मी. मला वाटं लावायला आजवर कोण न्हवतंच."

मी म्हटलं, "बसा इथं. हलायचं नाही." आणि घरात धावले. फ्रिज उघडला. दही नाही! असणार कसं? आमच्याकडचं दही आक्कांच्याच वाटीतून यायचं, आणि कालचं मी कढीत घातलेलं. परत येऊन विचारलं, तुमच्या घरी? "काल विरजण लावलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हटलं, उद्या खाणार कोण?" ज्या घरात दही नाही असं कधी झालं नाही, त्या घरात त्या दिवशी दही नव्हतं. मी जिन्यात उभी राहून चक्क रडायला लागले. माझ्या वाट्याला एकदा द्यायची वेळ आली आणि चमचाभर दही नसावं!

वरून लिम अंकल चार पायऱ्या उतरून आले होते. मराठी त्यांना काय कळणार? पण पिशवी, चपला आणि माझं रडं कळायला मराठी लागत नाही. त्यांनी मुग्धाला विचारलं, तिनं "आँटी गो हॉस्पिटल, नो दही," एवढंच सांगितलं. अंकलनी पिंजरा तिच्या हातात दिला आणि गुडघे धरत धरत दहाव्यावर चढून गेले. परत आले ते एक प्लास्टिकचा डबा आणि चमचा घेऊन. नातीसाठी आणलेलं सुपरमार्केटमधलं योगर्ट. स्ट्रॉबेरीचं. गुलाबी!

"एव्हरी डे शी गिव्ह मी," ते मला म्हणाले. "टुडे शी गो. हाऊ कॅन डोन्ट गिव्ह, लाह?" मग आक्कांकडे वळून त्यांच्याच आवाजात ओरडले, "आँटी! हॅन्ड!"

आक्कांनी हात पुढे केला. अंकलनी त्यावर गुलाबी चमचा पालथा केला. आक्का बघतच राहिल्या.

"ह्यो वास कसला म्हणायचा?" त्या म्हणाल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मग एकदम हात मागे घेतला. "पर चाटू कसं? रातीपासनं पोट रिकामं ठेवा म्हटलंय डाक्टरनं."

"मग मूठ मिटा," मी म्हटलं. "परत आल्यावर चाटा."

त्यांनी मूठ मिटली आणि उठल्या. "येतो," म्हणाल्या. त्या एका शब्दाला त्यांनी जेवढा जोर दिला, तेवढा त्यांना कधी देताना ऐकलं नव्हतं.

मुग्धाला अंकलनी बसपाशी नेलं, मी आक्कांबरोबर टॅक्सीत बसले. सबंध रस्ताभर त्यांनी मूठ उघडली नाही. बोटांतून गुलाबी ओघळ मनगटावर आला, माझ्या रुमालावर आला, टॅक्सीवाला आरशातून बघत राहिला. हॉस्पिटलच्या कागदांवर सही त्यांनी डाव्या हातानं केली. नर्सनं हात धुवायला नेलं आणि विचारलं, "व्हॉट इज धिस, मॅडम?"

"रिटर्न तिकीट," आक्का म्हणाल्या.

गाठ साधी निघाली. हे कळलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये दोन कप कॉफी प्याले आणि दोन्हीत साखर घालायची विसरले. पण ते आठ दिवस! नवव्यावर लिफ्ट थांबायची, माणसं यायची, त्या कुलपाकडे बघायची आणि कशीबशी आत शिरायची. पोस्टमन माझ्याकडे दोनदा चौकशी करून गेला. मी विरजण लावून पाहिलं, तर ते नुसतं फुटलेल्या दुधासारखं झालं. हे म्हणाले, "तू राहू दे. त्यांनाच येऊ दे."

त्यांना घेऊन आले त्या दुपारी लिफ्टचं दार उघडलं, तर समोर लिम अंकल उभे. कुणास ठाऊक किती वेळचे! हातात तोच प्लास्टिकचा डबा, वर रबरबँड लावून झाकण घट्ट बसवलेलं. नातीला हात लावू दिला नव्हता म्हणे.

"यू कम बॅक," अंकल म्हणाले. "नाऊ ईट."

आक्का दाराला टेकून उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला, पण कुंकू तेवढंच. त्यांनी हात पुढे केला, अंकलनी चमचाभर गुलाबी दही त्यावर ठेवलं, आणि साखर घातलेल्या दह्याला आयुष्यभर नावं ठेवणाऱ्या त्या बाईनं ते डोळे मिटून, तळहात स्वच्छ होईपर्यंत चाटलं. अंकलनी खिशातून आपला कागदी रुमाल काढून त्यांच्यापुढे धरला.

"लई गोड हाय," आक्का म्हणाल्या. त्या मराठीत बोलल्या, तरी अंकलनी मान डोलावली.

मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि कुलूप काढून दार सताड उघडलं. "पुणेकरीन, तुमच्या घरातलं दूध आणा वाटीभर, डब्यातल्या गुलाबीचंच विरजण लावतो," आतून आवाज आला. "अंकलला घराकडं जायचंय, आन् घरात दही न्हाई!"