साडेदहा मीटर खोलीचा कोट

एकट्याने घेतलेला निर्णय कोणत्याही समाजाला परवडत नाही. माणसांच्या बाबतीत ही गोष्ट फार पूर्वीच लक्षात आली होती (समित्या त्यातूनच निघाल्या), वाहनांच्या बाबतीत मात्र ती कळायला बराच काळ गेला. चालकाविना चालणाऱ्या पहिल्या मोटारी निव्वळ स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून चालत. अंगावरचे कॅमेरे दाखवतील तेवढंच त्यांना दिसायचं. वळणाआड कोण आहे, पुढच्या ट्रकच्याही पुढे काय थांबलंय, सिग्नल किती सेकंदांत लाल होणार, याचा त्यांना पत्ता नसे. अशा मोटारीला बिचारी म्हणावं की उर्मट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मोटारी एकमेकींशी जोडल्या गेल्या. आता आमच्या शहरातली प्रत्येक गाडी सेकंदाला दहा वेळा आसपासच्या गाड्यांशी, सिग्नलशी आणि नकाशाशी बोलते. (एका घरात राहणाऱ्या चार माणसांचं दिवसाकाठीही इतकं बोलणं होत नाही. आमच्या घरात तर नाहीच.) एका गाडीने ब्रेक दाबला की मागच्या तीस गाड्यांना ते आधीच कळलेलं असतं. वळणाआडची सायकल सगळ्यांना माहीत असते. अपघात नव्वद टक्क्यांनी घटले आणि उरलेले दहा टक्के चौकशीत आहेत. हे सारं बोलणं ज्या वाहन-संवाद कक्षात जमा होतं, तिथे मी पडताळणी अधिकारी आहे. पडताळणी गाड्या आपापसांत करतात. ती झाली आहे, याची पडताळणी मी करतो.

आता मूळ मुद्दा. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि माझ्या बैठकीच्या खोलीच्या बरोबर खाली एक लाँड्री आहे. लाँड्रीवाला माणूस सज्जन, इस्त्री कडक. त्याच्या बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली असल्यामुळे तिला मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी सातला डायलिसिसच्या मशीनवर झोपावं लागतं. टॅक्सी दाराशी यायची, वहिनींना घेऊन जायची, परत आणून सोडायची. त्यात स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्याला हेवा वाटावा अशी शिस्त होती.

एका सोमवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी लाँड्रीच्या दांडीवरून एका वकिलाचा काळा कोट वाऱ्याने उडून रस्त्यावर पडला. त्याच वेळी एक मोटार तिथून जात होती. तिने कोट पाहिला, काळा आणि काठ अनियमित. जबाबदार वाहनाने जे करायचं तेच तिने केलं. तिने नोंद केली: खड्डा, अंदाजे दहा सेंटीमीटर. आणि वळसा घालून गेली.

लाँड्रीवाल्याने सात मिनिटांत कोट उचलला, झटकला आणि पुन्हा धुवायला टाकला. पण तोपर्यंत नोंद शहरभर पोहोचली होती. मागच्या गाडीने ती वाचली, गल्लीत न शिरता पुढे गेली आणि जाता जाता पुष्टी दिली. पुष्टी म्हणजे, ‘होय, मलाही असं समजलं आहे.’ तिच्या मागच्या गाडीने दोघींवर विश्वास ठेवला. जुनी माणसं याला सांगोवांगी म्हणत आणि नाक मुरडत. आमच्याकडे त्याला सामूहिक दृष्टी म्हणतात, आणि तिच्यासाठी स्वतंत्र इमारत आहे.

शिवाय प्रत्येक पुष्टीबरोबर खोलीत पाव सेंटीमीटर वाढ करण्याचा नियम आहे. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल थोडं जास्तच सांगितलेलं बरं, हा त्यामागचा विचार. पहिल्या आठवड्यात ४,२१२ पुष्ट्या मिळाल्या. कोणीही हिशेब करावा, खड्डा साडेदहा मीटरच्या वर गेला होता. राईचा पर्वत होतो हे ऐकून होतो. राईची दरी आमच्या कक्षाने करून दाखवली. या काळात खड्ड्यात पडलेल्या वाहनांची संख्या शून्य आहे, यावरून नोंदीची उपयुक्तता वेगळी सिद्ध करायला नको.

एवढ्या मोठ्या खड्ड्याजवळ गाड्या फिरकेनाशा झाल्या. मंगळवारी टॅक्सीने वहिनींना गल्लीच्या तोंडाशी बोलावलं. गुरुवारी, तोंडाशीही गाड्या दिसत नाहीत म्हणजे तिथेही काहीतरी असणार, या तर्काने मोठ्या चौकात. शनिवारी दीड किलोमीटरवरच्या पेट्रोलपंपापाशी. (रुग्णवाहिकाही आमच्याच जोडणीवर चालतात. भेदभाव नाही.) लाँड्रीवाल्याने इस्त्रीची हातगाडी रिकामी केली, तिच्यावर गादी टाकली, वहिनींना बसवलं आणि ढकलत नेलं. तो प्रत्येक खेपेला त्या खड्ड्यावरूनच जात होता. परंतु हातगाडी बोलत नाही, आणि जे बोलत नाही ते नियमाप्रमाणे वाहन नाही, त्यामुळे तिच्या जाण्याला पुरावा मानता येत नाही. शनिवारी ते अठरा मिनिटं उशिरा पोहोचले. मशीनवर पुढचा माणूस झोपला होता. दोन पाळ्या चुकल्या की ठरलेली जागा जाते आणि नाव यादीच्या तळाशी जातं, असा तिथला नियम आहे. एक पाळी चुकली.

त्याआधी, बुधवारीच, तो कोट घेऊन आमच्या कक्षात आला होता.

“साहेब, हा तो खड्डा,” त्याने कोट माझ्या टेबलावर पसरला.

मी कोट उलटसुलट करून पाहिला. कॉलर उत्तम बसली होती. मी त्याला शांतपणे समजावलं की कोट सापडला म्हणजे खड्डा हरवला असं होत नाही. खड्ड्याची नोंद दोनच प्रकारे मिटते. एखादी गाडी त्यावरून जाऊन ‘काही नाही’ असं कळवते, किंवा रस्ते दुरुस्ती खातं तो बुजवल्याचं कळवतं.

“पण नोंद असली की गाडी येणारच नाही ना?”

“येऊच नये. त्यासाठीच तर नोंद आहे.”

दुरुस्ती खात्याचे लोक शुक्रवारी पायी येऊन गेले. त्यांनी अहवालात ‘खड्डा न सापडल्यामुळे बुजवता आला नाही’ असं लिहिलं. काम प्रलंबित राहिलं.

आमची यंत्रणा मात्र निर्दय नाही. कलम एकोणीसमध्ये ‘प्रत्यक्षदर्शी हरकत’ अशी सोय आहे. स्वतःच्या डोळ्यांनी जागा पाहिलेल्या पाच प्रौढ व्यक्तींनी फोनवर सही केली की त्याच क्षणी नोंद मिटते आणि गाड्या दारात येतात. (कलम लिहिल्यापासून कोणी वापरलेलं नव्हतं. त्याचा कागद काढायला दोन दिवस लागले.) रविवारी आणि सोमवारी लाँड्रीवाला गल्लीत दारोदार फिरला.

तळमजल्यावरच्या गणिताच्या बाई स्वतः दारात उभ्या होत्या. समोर रस्ता सपाट होता. त्यांनी आधी रस्ता पाहिला, मग फोन पाहिला.

“मला नाही हो दिसत खड्डा,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या एकटीच्या दिसण्याला काय अर्थ? चार हजार गाड्या काय खोटं बोलतात?”

शिंपी म्हणाला, “सही करायला हरकत नाही रे, पण उद्या कोणी पडलं तर?” एका गृहस्थांनी तर गेल्या आठवड्यापासून आपण रस्ता ओलांडतानाही जपून चालतो असं सांगितलं, आणि कठडा का नाही म्हणून त्यालाच झापलं. तरीही चार सह्या मिळाल्या. एक चष्मेवाल्याची (धंद्यामुळे त्याचा डोळ्यांवर विश्वास आहे), एक इमारतीच्या चौकीदाराची, एक पेपर टाकणाऱ्या बाईची आणि एक निवृत्त ट्रकचालकाची, ज्याला नवीन काही पटतच नाही. वहिनींच्या बहिणीची सही नातं असल्यामुळे मी बाद केली.

मंगळवारी सकाळी सहाला खालून हाक आली. टॅक्सीची जागा आता पुलापलीकडे, तीन किलोमीटरवर गेली होती. सव्वासहापर्यंत पाचवी सही झाली तरच वेळेत पोहोचणं शक्य होतं.

“साहेब! फक्त खिडकीतून वाकून बघा! मी खड्ड्यातच उभा आहे!”

हे विधान मला संशयास्पद वाटलं. साडेदहा मीटर खोल उभ्या असलेल्या माणसाचा आवाज इतका स्पष्ट येणार नाही. मी फोन उघडला. पुष्ट्या पाच हजारांच्या वर गेल्या होत्या.

“अहो,” माझी बायको म्हणाली, “खिडकी इकडे आहे.”

“मला माहीत आहे खिडकी कुठे आहे.”

“मग बघा ना! ती बाई गादीवर बसलीये, पाय बघा कसे सुजलेत तिचे. तुमची एक सही जड झाली का?”

मी तिला समजावलं की पडताळणी अधिकाऱ्यानेच खिडकीतून पाहायला सुरुवात केली तर कक्षाची गरज काय उरली? आज मी एक खड्डा पाहायचा, उद्या लोक सिग्नल पाहतील. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती लग्नाच्या बावीस वर्षांत मी पाहिली नव्हती. मग ती चपला न घालताच खाली गेली. तिची सही चालली नसती. अधिकाऱ्याच्या कुटुंबीयांना मनाई आहे, हे मला तिला जिन्यात ओरडून सांगावं लागलं. तरी ती गेली आणि मागून हातगाडीला हात लावून ढकलू लागली. चाकांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत होता.

ते सव्वासातला पोहोचले. दुसरी पाळी चुकली. आता वहिनींना ठरलेली जागा नाही. मशीन रिकामं झालं तर बोलावतात, म्हणून त्या दोघी सकाळपासून तिथल्या बाकावर बसून असतात. होय, दोघी. आमच्या घरी सध्या स्वयंपाक मी करतो.

तुम्हाला माझा राग आला असेल. एव्हाना तुम्ही लाँड्रीवाल्याच्या बाजूने उभे आहात, वहिनींबद्दल तुम्हाला कळवळा वाटतो आणि रस्ता सपाट होता याबद्दल तुमच्या मनात तिळमात्र शंका नाही. मला आनंद आहे. कलम एकोणीसप्रमाणे सही करायला गल्लीत राहावं लागत नाही, नुसतं येऊन एकदा पाहावं लागतं. तुम्ही आला नाहीत. बसल्या जागी माझ्यासारख्या माणसाने सांगितलेलं खरं मानलंत, मान हलवलीत, आणि आता हे दुसऱ्या कोणाला तरी सांगाल. आमच्या कक्षात यालाच पुष्टी म्हणतात, आणि तुमची मी नोंदवून घेतली आहे.

सह्या मात्र अजून चारच आहेत.