साळूआक्काचा श्वास आणि दोनशे बारा संदर्भ

एखाद्या बाईला श्वास पुरत नाही, हे सिद्ध व्हायला ती बाई धापा टाकत समोर उभी असणं पुरेसं नसतं. त्यासाठी कागद लागतो. कागदाला शास्त्रीय आधार लागतो, आधाराला संदर्भ लागतात, आणि संदर्भ किती लागतात हे परिपत्रक ठरवतं. मी, प्रा. आकाराम खराडे, साताऱ्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. पाच वर्षांपूर्वी मला लोलक, भिंग आणि पगारवाढ यांपलीकडं काही ठाऊक नव्हतं. आज पदार्थविज्ञान आणि दमा या दोन्ही विषयांत माझं नाव घेतल्याशिवाय कुणाचा लेख छापून येत नाही. हे कसं घडलं ते सांगतो. सांगताना कुठं माझा मोठेपणा दिसलाच, तर तो मोजून घेतलेला आहे, इतकं लक्षात ठेवावं.

साळूआक्का माझी चुलत बहीण. लहानपणी मला कडेवर घेऊन ती औंधच्या यमाईचा डोंगर न थांबता चढायची. बहात्तरच्या दुष्काळात ती गाव सोडून सांगलीला गेली आणि हळदीच्या एका शेडमध्ये कामाला लागली. तिथं वाळलेली हळकुंडं ड्रममध्ये घालून फिरवतात, म्हणजे साल घासून निघते आणि हळद चकाकते. निघालेली साल धूळ होऊन शेडमध्ये राहते आणि तिथून बायकांच्या छातीत जाते. त्र्याहत्तरच्या भाऊबीजेला आक्का माझ्या घरी आली. माझ्या घराला नऊ पायऱ्या आहेत. ती चौथ्या पायरीवर बसली.

मी हळहळलो आणि मग, शास्त्रज्ञ असल्यामुळं, कामाला लागलो. एक पितळी नळी घेतली, आत हलकी चकती बसवली, बाजूला चाळीस खाचा पाडल्या. माणसानं फुंकलं की चकती वर जाते आणि पोचेल त्या खाचेवर अडकून राहते. आक्का सुट्टी संपवून परत निघताना एकतिसाव्या खाचेपर्यंत गेली. आठवड्यानं मी सांगलीला जाऊन शेडच्या दारात तिला फुंकायला लावलं, तर चकती चोविसावर थांबली.

आक्का म्हणाली, "घरी असले की वर जातीया, शेडात गेले की बसतीया. आरं, हे मला म्हाईतच हाय की. नळी कशाला लागती त्याला?"

"आक्का, तुला माहीत असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं."

"शेजारच्या शेडात भायेर अंगणात हळद निवडाय बाया घेत्यात. पन्नास पावलांवर हाय. तितं जाऊ का?"

"घाई करू नकोस. तिथं नव्यानं लागलीस तर इथलं दीड वर्ष पाण्यात जाईल. आपण रीतसर करू. इथंच अंगणातलं काम मिळेल, तेही कागदानिशी."

"तू शिकलेला हाईस. तू म्हन्शील तसं," ती म्हणाली आणि आत गेली.

सांगलीचे छातीच्या रोगांचे डॉक्टर लालासाहेब थोरात यांना मी आक्काचे आकडे दाखवले. भला माणूस. त्यांनी तिथल्या तिथं चिठ्ठी लिहिली, की या बाईला धुळीतून बाहेर काढावं. चिठ्ठी शेडच्या मुकादमानं, जालिंदरनं, दोनदा वाचली. "डाक्टरच्या चिठ्ठीवर मानसं हलवाय लागलो तर उद्या समदी शेड अंगणात ईल," तो म्हणाला. "सरकारी कागूद आना."

सरकारी कागद देणाऱ्या कार्यालयात नाथाजीराव नावाचे अधिकारी होते. लाच घेत नसत, आवाज चढवत नसत, त्यामुळं त्यांच्याशी भांडायलाही जागा नव्हती.

"नळी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"म्हणजे नळी तुम्हीच केली, फुंकायला तुम्हीच लावलं आणि बहीणही तुमचीच. यात सरकारचं काय आहे? शास्त्रीय मासिकात छापून आणा."

छापून यायला चौदा महिने लागले. लेखात मी आक्काचं नाव 'रुग्ण सा., स्त्री, वय ४१' असं दिलं, कारण शास्त्रात बहीण चालत नाही. शेवटी एक वाक्य लिहिलं: 'निरीक्षणाच्या काळात रुग्णाचा श्वास पूर्ववत झाला नाही.' होणार कसा? ती निरीक्षणाच्या काळात शेडमध्येच होती. लेख घेऊन मी कार्यालयात गेलो. नाथाजीरावांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"छापलंय तुम्ही. मानलंय कुणी? परिपत्रकाप्रमाणं किमान पाच लेखांत याचा संदर्भ आला पाहिजे."

आमच्या भागात सावड करतात. ज्याच्याकडं एकच बैल आहे तो दुसऱ्या एकबैल्याला गाठतो. आज तुझं रान नांगरायचं, उद्या माझं. मी आणि डॉक्टरांनी संदर्भांची सावड केली. त्यांनी खोकल्याच्या औषधावरच्या लेखात माझ्या जुन्या लोलकाच्या लेखाचा आणि नळीचा दाखला दिला, कारण श्वासही लोलकासारखा जातो आणि येतो. मी घट्ट द्रवांच्या प्रवाहावर लिहिलं आणि त्यात डॉक्टरांच्या कफावरच्या तिन्ही लेखांचा आदरानं उल्लेख केला. कुणी कुणाचं वाचलं नाही. सावडीत दुसऱ्याच्या रानात काय पेरलंय हे बघत नाहीत, नांगरून मोकळं व्हायचं असतं.

पंच्याहत्तरच्या भाऊबीजेला पाच संदर्भ झाले होते. आक्का तिसऱ्या पायरीवर बसली. ओवाळून झाल्यावर तिनं नळी फुंकली. बावीस.

"आला का रं कागूद?"

"आता आलाच म्हणून समज."

पण परिपत्रक सुधारलं होतं. आता पंचवीस संदर्भ लागत होते आणि परस्परांनी दिलेले धरायचे नव्हते. नाथाजीराव म्हणाले, "लोक एकमेकांची नावं घेतात हो. शास्त्रातसुद्धा." त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं.

मग तिसरा बैल शोधणं आलं. पाटणला हंबीरराव नावाचे भूगोलाचे सर होते. त्यांना बढतीसाठी संदर्भ हवे होते. आम्ही गोल फिरायचं ठरवलं. डॉक्टरांनी हंबीररावांचा दाखला द्यायचा, हंबीररावांनी माझा, मी डॉक्टरांचा. त्यात परस्पर असं काही उरत नाही. हंबीररावांनी 'भूकंप आणि दमा: एक तौलनिक अभ्यास' हा लेख लिहिला, दोन्हींत आधी हादरा बसतो आणि मग माणूस घराबाहेर येऊन बसतो, असं त्यांनी साधार दाखवून दिलं. तो लेख फार गाजला. मग कऱ्हाड, मिरज, कोल्हापूर इथले एकबैली प्राध्यापक आपणहून येऊ लागले. शहात्तर साल सरेपर्यंत मी पंचवीस ओलांडून साठीला पोचलो. कॉलेजनं मला विभागप्रमुख केलं. आक्काची चकती सतरावर आली.

सत्त्याहत्तरच्या जुलैत महाबळेश्वरला श्वास-परिषद भरली. जुलैत अशासाठी, की त्या पावसात हॉटेलं ओस पडतात आणि दर निम्मे होतात. माझी नळी काचेच्या कपाटात ठेवली होती आणि वर पाटी होती, 'हात लावू नये'. दुसऱ्या दिवशी धुक्यानं आणि ओल्या गाद्यांनी निम्म्या वक्त्यांची छाती भरून आली. कुणाचा श्वास किती उतरला हे मात्र कळू शकलं नाही, कारण नळी कपाटात होती. 'दम्याच्या रुग्णांनी धुळीपासून दूर राहावे' हा ठराव एकमतानं मंजूर झाला. सर्वांत जास्त टाळ्या मी वाजवल्या.

त्याच परिषदेत एका जाड पुस्तकात माझं नाव पाहिलं. तिथं लिहिलं होतं, 'एकदा उतरलेला श्वास परत येत नाही (खराडे)'. मी असं म्हटलं नव्हतं. पण मोठ्या पुस्तकात आपलं नाव शुद्ध छापलेलं असताना चूक काढायला मन धजत नाही. पुढं त्या पुस्तकावरून ते वाक्य लेखालेखांत उतरलं आणि माझे संदर्भ दोनशेच्या वर गेले.

दिवाळीच्या आधी नाथाजीरावांनी मला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा मागवला. वर्षभर तपासणीत फिरलेला आक्काचा कागद तयार होता. फक्त एका ओळीखाली माझी सही हवी होती: 'सदर रुग्णाचे निरीक्षण समाप्त झाले आहे.' मी पेन काढलं. तेवढ्यात डॉक्टरांचं बोलणं आठवलं. सलग पाच वर्षं एकाच जागी काम करणाऱ्या रुग्णाची नोंद अख्ख्या जगात कुणाकडं नाही, आणि आमच्याकडं ती पुरी व्हायला एक वर्ष उरलं होतं. आत्ता आक्का अंगणात बसली की नोंद तुटणार होती. मी टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

भाऊबीजेला आक्का पहिल्याच पायरीवर बसली. मी खाली जाऊन तिला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती आणि मधूनमधून श्वास घेत होती.

"म्हंजे मी भायेर आले तर तुजं काम अडतंय व्हय?"

"एकच वर्ष, आक्का."

"मग ऱ्हाऊ दे. काडंन वरीस."

नळीत तेरा आले. माझ्या आलेखाला हाच उतार हवा होता. तिनं मला पायरीवर बसूनच ओवाळलं.

आता या वर्षीची भाऊबीज. मी नळी पुसून दारात उभा होतो. आक्का आली आणि नऊच्या नऊ पायऱ्या चढून वर आली. मी न विचारता तिनंच नळी उचलून फुंकली. एकोणतीस. मला वाटलं, चकती अडकली. पुन्हा फुंकायला लावलं. तीस.

"शिमग्यालाच सोडली शेड," ती म्हणाली. "एक दिस जीव लय कासावीस झाला. मुकादमाला म्हनलं, न्हाई येत उद्यापास्नं. गेले चालत शेजारच्या अंगणात. आता निवडती उन्हात बसून. पगार वाईच कमी हाय."

"कागदाशिवाय?"

"कशाचा कागूद? ती बाई म्हनली, बस हितं."

"मग इतकी वर्षं का नाही गेलीस?"

"तू म्हनला हुतास, रीतसर हू दे," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, खरोखर वाटली, आणि ती संध्याकाळपर्यंत टिकली.

संध्याकाळी डॉक्टरांचा ट्रंककॉल आला. मी तिसाचा आकडा सांगितला. त्यांनी तो पुन्हा म्हणायला लावला.

"प्राध्यापक, दोनशे बारा लेख म्हणतात श्वास परत येत नाही. एक बाई म्हणते येतो. तुम्ही शास्त्रज्ञ आहात. कुणाचं धरायचं?"

तिची नोंद 'रुग्णाने शिस्त न पाळल्याने सदोष' म्हणून वगळायची असं ठरलं. अर्थात पाच वर्षांच्या नोंदींची मालिका नव्या रुग्णावर सुरू करणं भाग होतं.

काल मी सांगलीच्या त्या शेडमध्ये जाऊन आलो. आक्काच्या जागी ड्रमवर सुलाबाई नावाची बाई आहे, पंचविशीची. तिनं नळी फुंकली. अडतीस. इतका चांगला पहिला आकडा आम्हाला आजवर कधी मिळाला नव्हता.

"दादा, ह्यानं काय हुतंय?" तिनं विचारलं.

"दरवर्षी फुंकत जा," मी म्हणालो. "त्रास झालाच, तर कागद मिळेल."

तुम्ही मला नावं ठेवाल. अवश्य ठेवा, ठेवताना लेखाचं वर्ष आणि पृष्ठ दिलंत तर दोनशे तेरा होतील. पण एक गोष्ट खरी सांगा. ती पन्नास पावलं आक्कानं तुमच्यादेखत, अगदी सुरुवातीलाच सांगितली होती. त्यानंतर इथवर तुम्हीही माझ्यासारखेच कागदाची वाट पाहत होता.