म्हात्रेकाका आणि समोरची एअरलाईन

आमच्या म्हात्रेकाकांनी एकदा ट्रकभर रिकामी खोकी वज्रेश्वरीला पाठवली आणि संध्याकाळी परत आणली. खरंच! ड्रायव्हर गरम कुंडात मस्त अंघोळ करून, केस विंचरून आला. खोकी जशी गेली तशी उतरली. आणि काका मिशीतल्या मिशीत म्हणाले, "आता मोजू दे साल्यांना."

साले म्हणजे समोरचे. थांबा, नीट सांगते.

अंजूरच्या गोडाऊनांमधल्या एका गाळ्यात एका एअरलाईनची ब्लँकेटं येतात. विमानात एसी लागला की तुम्ही अंगावर घेता ना, ती. लाँड्रीतून धुऊन आली की आमच्या बायका ती तपासतात, घड्या घालतात, पिशवीत भरतात, आणि ट्रक एअरपोर्टला जातो. मी तिथे कॉम्प्युटरवर एंट्री करायला लागले. नारपोलीत आमच्या घरी सगळ्यांना सांगून झालेलं, प्रणाली विमान कंपनीत लागली! आत्याने तर दुबईचं तिकीट स्वस्तात मिळेल का तेपण विचारलं. आणि मी अजून एकही विमान जवळून बघितलं नव्हतं. आकाशातलं बघितलं, पण ते काय, तुम्हीपण बघता.

तर समोरच्या गाळ्यात दुसऱ्या एअरलाईनची ब्लँकेटं. मध्ये बारा पावलांचा रस्ता. आमचे सुपरवायझर म्हात्रेकाका या बारा पावलांना बॉर्डर म्हणतात. त्यांचं म्हणणं असं: खोकी जास्त म्हणजे पॅसेंजर जास्त. समोरच्यांनी आमची खोकी मोजली की त्यांना कळणार आमची विमानं किती भरतात. मग ते तिकीट स्वस्त करणार. मग आपली एअरलाईन बसणार.

"येवढी मोठी विमाना, पन चावी कुठं हाय? हितं. माझ्या शटरला."

म्हणून ट्रक भरताना ताडपत्री. म्हणून ज्या दिवशी माल कमी, त्या दिवशी रिकामी खोकी. समोरचे सुपरवायझर सलीमभाई बिचारे हसून हाक मारायचे, "म्हात्रेसाब, चाय तो पियो! जहर नहीं है!"

काका हळूच मला, "बघ. मी विचारला पन न्हाय, आनि तो सांगतो जहर न्हाय. का सांगतो?"

माझा पहिला दिवस तर विचारू नका.

"कोनाची गो तू?"

"नारपोलीच्या भोईरांची."

"तसा न्हाय. पाठवली कोनी?"

"एचआरने."

"एचआरला कोनी सांगितला?"

आता याला काय उत्तर देणार!

पण माणूस कामात एक नंबर हां. ब्लँकेट नुसतं हातावर घेऊन सांगायचे, हे ओलं आहे, परत पाठव. आमच्या घडीत एअरलाईनचं नाव बाहेरच्या कोपऱ्यात, सरळ, बोटभर जागा सोडून आलं पाहिजे. मला कॉम्प्युटरवर बसायचं होतं, तरी आठवडाभर घड्या घालायला लावल्या. "जिची घडी चुकली, तिची एंट्री चुकली," म्हणायचे. आणि खरं सांगते, नंतर माझी एकही एंट्री चुकली नाही.

आता माझं दुखणं ऐका. तीन महिने झाले की सुपरवायझरने कन्फर्मेशन फॉर्मवर सही करायची. सही झाली की मी पर्मनंट, आणि पोस्टिंग थेट एअरपोर्टच्या ऑफिसात. खिडकीतून विमानं! मी नवीन ड्रेसपण शिवून ठेवला होता.

काकांनी फॉर्मवर लिहिलं, "वागणूक संशयास्पद. तीन महिने वाढवावे."

मी भडकले! "काका, मी काय केलं?"

त्यांनी बोटावर मोजलं. मी फोनवर बोलताना तोंड समोरच्या गाळ्याकडे करते. मी सलीमभाईंच्या टपरीवर दोनदा चहा प्यायले. आणि मी प्रश्न फार विचारते.

"टपरी सलीमभाईंची नाहीये काका! ते नुसते तिथे उभे असतात!"

"तेच तर. का उभा असतो?"

मग मलाही संशय यायला लागला. सही का नाही करत हा माणूस? कोणाचा फायदा? एका रात्री... नाही, एका जेवणाच्या सुट्टीतच माझ्या डोक्यात एकदम लाईट पेटली. काकाच समोरच्यांचे असतील तर? एवढं दुसऱ्यावर ओरडणारा माणूस स्वतः धुतल्या तांदळासारखा कसा असेल? मी लक्ष ठेवायला लागले. काकांची लक्षणं फोनमध्ये लिहून ठेवायला लागले. म्हणजे बघा, मी काय झाले होते!

आणि एका मंगळवारी सापडले! काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. हातात कापडात घट्ट गुंडाळलेलं काहीतरी. मला म्हणाले, "मी कल्याणला चाललो, दाताच्या डॉक्टरकडं." आणि बसले कुठे? एअरपोर्टच्या ट्रकमध्ये! मी मनात म्हटलं, गेली कागदपत्रं समोरच्यांच्या हातात.

संध्याकाळी त्याच ट्रकने परत आले. गुंडाळी तशीच. ती घडीवाल्या बायकांसमोर ठेवली. "घ्या गो, खा."

आत तांदळाच्या भाकऱ्या आणि जवल्याची, म्हणजे बारक्या सुक्या कोळंबीची, चटणी. सकाळची. कोणी हात न लावलेली.

आमच्याकडे सगळ्यात जुन्या वनिताताई. मी त्यांना कोपऱ्यात घेतलं आणि माझा सगळा संशय सांगितला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला लाजच वाटली.

"येडी का काय तू? अमोलला भेटाया गेल्ते. तुझ्या खुर्चीवर बसायचा तो पोरगा. काकांनीच शिकवला, काकांनीच सही केली. आता एअरपोर्टात हाय."

"मग?"

"ड्रायव्हर सांगत होता, दोन तास गेटाभायेर उभे होते. आत जाया पास लागतो ना. अमोल फोनवर बोलला, मीटिंगमध्ये हाय काका, पुढच्या टायमाला. आधीची पोरगीबी तशीच. सही झाली की जातात, मंग फोन करत न्हाईत. घरी तरी कोन हाय म्हाताऱ्याला? भाकरी पन स्वताच थापल्या असतील."

मी जवल्याचा घास घेतला. तिखटजाळ होता. पण पाणी डोळ्यात कशाने आलं, माहीत नाही.

फोनमधली लक्षणं मी त्याच दिवशी उडवली.

दुसऱ्यांदा तीन महिने भरले. एचआरचा फॉर्म आला. मी तो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "काका, घाई नाही. नका करू सही. मी अजून तीन महिने शिकते."

काकांनी चष्मा वर केला. माझ्याकडे बघितलं. मग समोरच्या गाळ्याकडे. मग परत माझ्याकडे.

"का गो? हितंच थांब म्हनून समोरच्यांनी सांगितला वाटता?"

"नाही हो काका, मला खरंच..."

"गप. मना सगला कलतं." आणि झर्रकन सही ठोकली! माझ्याकडे न बघता. शेऱ्याच्या जागी लिहिलं, "घडी चांगली."

फॉर्म हातात देताना आवाज एकदम खाली आणला. "तिकडं समोरच्यांची खोकी दिसतील तुना. किती आली, किती गेली, मना रोज रिपोर्ट पायजे. दुपारी दीडला. कोनाला सांगू नको."

आता मी एअरपोर्टच्या ऑफिसात आहे. खिडकी आहे, पण बाहेर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत दिसते, ते जाऊ दे. दीड वाजला की मी जिन्यात जाऊन फोन लावते.

"कोन आयकत न्हाय ना?"

"नाही काका. समोरच्यांची आज अडीचशे."

"हां," म्हणतात. दुसऱ्या दिवशी तीनशे सांगितली तरी "हां". कमी का जास्त, कधी विचारत नाहीत. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं.

काल मात्र मला समोरच्यांचा ट्रकच दिसला नाही. मी खरं सांगून टाकलं, "काका, आज काहीच रिपोर्ट नाहीये. ठेवू का फोन?"

तिकडे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"ठेवू नको," काका म्हणाले. "चालू राहू दे. जेवतो मी तवर."