परक्या शर्टातल्या जोगळेकर काकू

आमच्या शेजारच्या जोगळेकर काकू मध्यंतरी साडीवर एका कोळ्याचा मळका शर्ट घालून वावरत होत्या. शर्टाला बोंबलांचा वास. आणि काकूंच्या घरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नाही! पूनम सागर कॉम्प्लेक्समधली आमची बिल्डिंग निम्मी गुजराती. वरच्या मजल्यावरचे शाहभाई नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आंटी, लिफ्ट में मच्छी की बास आती है."

"मेरी ही है," काकू शांतपणे म्हणाल्या. "ट्रेनिंग चालू है."

ट्रेनिंग छबीचं. छबी म्हणजे त्यांच्याकडची आंधळी कुत्री. काका गेल्यापासून काकूंनी हाच उद्योग मांडलाय. आंधळी, लंगडी, गाडीने उडवलेली कुत्री आणायची, शिकवायची आणि चांगलं घर बघून देऊन टाकायची. छबीची वाट चुकू नये म्हणून हॉलमधली एकही खुर्ची हलवायची नाही. मी एकदा जरा सरकवली, तर काकू कडाडल्या, "जागेवर! शिस्त म्हणजे शिस्त!" छबी आणि मी, दोघी एकदम खाली बसलो.

छबीला घर मिळालं समुद्रकाठच्या पाली गावातल्या पास्कलचं. मासेमारी करणारा साधा माणूस, दारात अंगण. काकूंनी त्याच्याकडे अंगातला शर्टच मागितला. तो बिचारा लाजला. "काकू, धुतलेला न्हाय तो."

"धुवायचा नाहीच!"

तेव्हापासून भात भरवणं, कुरवाळणं, पाठ थोपटणं, सगळं त्या शर्टात. "लाड करतो तो वास हाच, हे तिला कळायला हवं," म्हणायच्या. मळमळलं की खिडकीशी जाऊन यायच्या. मला मनातून राग यायचा. एवढी माया करायची आणि ती पास्कलच्या नावावर?

रविवारी पास्कल आला. काकू स्वयंपाकघरात दार लावून बसल्या. छबीने नाक वर केलं, खुर्च्यांमधून नेमकी वाट काढली आणि शेपूट हलवत थेट त्याच्या मांडीवर चढली. तो तिला उचलून घेऊन गेला.

मी स्वयंपाकघराचं दार उघडलं. काकू नुकत्याच नाहून, तो शर्ट काढून, नुसत्या साडीत खाली बसल्या होत्या.

"मला शोधलं का गं तिने?"

"नाही, काकू."

"शाब्बास," त्या म्हणाल्या, आणि ओट्याला डोकं टेकून रडायला लागल्या. माझाही बांध फुटला. मी नुसती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

बऱ्याच वेळाने त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"भाताची वेळ झाली गं तिच्या. आता मी काय करू?"