हिंमतरावाचा चहा

"भांडण टाळाले अक्कल लागते!" कडूबा हे छाती काढून म्हणायचा. संग्रामपूरजवळच्या त्याच्या मळ्याला लागून हिंमतरावाचं वावर होतं, आणि दोघांमधला धुरा, म्हणजे बांध, हिंमतराव दर पेरणीला ट्रॅक्टरनं कोरायचा. पहिल्या वर्षी हातभर, दुसऱ्या वर्षी तीन हात. कडूबानं दोन्ही वेळा त्याला चहा पाजला!

यंदा एकदम नऊ हात गेले. मूळ धुऱ्यापासून विहीर वीस हातांवर होती, आता उरले सात. विहीर गेली की मळा संपला! कडूबा तावातावानं गेला आणि बियाण्याचं रिकामं पाकीट झेंड्यासारखं फडकावत परतला.

"लिहून देल्लं त्यानं! 'यापुढे सरकणार नाही.' आता कायमची शांतता!"

त्याची बायको अन्नपूर्णाबाई मेथी निवडत होत्या. "आन् ते नऊ हात?"

"ते राहू दे म्हनलं त्याले. मानूस खुश राह्यला पाह्यजे!"

बाईंनी जुडी बांधली, पदर सावरला आणि गुपचूप बाहेर पडल्या.

शांतता दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीपर्यंत टिकली! ट्रॅक्टर थेट विहिरीकडे निघाला. कडूबा पाकीट उंच धरून आडवा धावला. हिंमतरावानं ते घेतलं, वाचलं आणि खिशात घातलं.

"पाकीट माह्यंच हाय बे!"

पण विहिरीपुढे अन्नपूर्णाबाई धरून चार बायका मांडी घालून बसल्या होत्या. हिंमतरावाच्या चारी धुऱ्यांवरच्या चार शेजारणी! प्रत्येकीच्या हाती दोरी, आणि दोरीवर दर वर्षीच्या मापाची गाठ. ही रीत अन्नपूर्णाबाईंनीच सगळ्यांना शिकवलेली.

"बाजूले व्हा, वहिनी!"

"होतो ना भाऊ," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "सोमवारी सरकारी मोजणी हाय. आमी चौघीनं दिवाळीतच अर्ज देला. तुमचं वावर चारी बाजूनं मोजतीन."

"चारी? काऊन?"

"तुमी चारी बाजूनं खाल्लं म्हनून!" चौघींतली जनकाबाई म्हणाली.

हिंमतरावानं बोटांवर काहीतरी मोजलं. बोटं पुरेनात! ट्रॅक्टर मागे वळला आणि दुपारपर्यंत चारी धुरे निमूट जागेवर आले.

कडूबा बायकोकडे बघतच राहिला. दिवाळीपासून एवढी तयारी, आणि घरात शब्द नाही!

"माहं काहीच कामी नाही आलं ना?"

"आलं ना! तुमच्या चहानं आमाले येळ भेटला."

कडूबा फुलला. तेवढ्यात रस्त्यावरून हिंमतराव ओरडला, "कडूबा, चहा तरी पाज बे! साखर दोन चमचे!"

कडूबा टुणकन उठला. अन्नपूर्णाबाईंनी नुसतं पाहिलं. कडूबा बसला.

मग हळूच म्हणाला, "एकच चमचा देतो ना!"